काजूची पानं आणि काळी बोटं

शनिवारी सकाळी मनस्विनी स्वयंपाकघरात शिरली तेव्हा तिच्या भाताच्या पातेल्यात काजूची पानं उकळत होती आणि तिचा नवरा यज्ञेश हातात घड्याळ धरून त्या पातेल्याकडे एकटक बघत होता.

"हे काय?"

"अर्क. अजून चार मिनिटं. मग गाळायचा."

"आणि भात?"

याचा विचार यज्ञेशने केला नव्हता.

यज्ञेश शहरातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा आणि वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी पीएच.डी. करत होता. विषय होता चांदीचे नॅनो कण, म्हणजे इतके बारीक, की केसाच्या जाडीत हजारभर शेजारी शेजारी बसावेत. असे कण करायला एरवी जहाल रसायनं लागतात आणि मागे उरलेली घाण कुठे टाकायची हा प्रश्न पडतो. यज्ञेशचं म्हणणं असं, की ती ताकद आपल्या झाडांच्या पानांतच आहे. पानांचा काढा करायचा, त्यात सिल्व्हर नायट्रेटचं पाणी घालायचं, की कण आपले आपण तयार. विष नाही, धूर नाही, नाल्यात सोडायला काही नाही. हरित पद्धत! अडचण एवढीच होती, की त्याच्या गाइडना मधासारखं स्वच्छ पिवळं द्रावण हवं होतं आणि यज्ञेशच्या बाटलीत दर वेळी गटाराच्या रंगाचा गाळ बसायचा. गाइडनी आता पंधरा दिवसांची मुदत दिली होती. नाहीतर विषय बदला, म्हणाले होते.

त्यात रविवारी नगरपरिषदेच्या एका जागेची पोटनिवडणूक होती. मतदान केंद्र नेमकं यज्ञेशच्या कॉलेजात. शुक्रवारपासून खोल्या निवडणुकीच्या लोकांनी ताब्यात घेतल्या, त्यात प्रयोगशाळाही गेली. म्हणून प्रयोग घरी आला होता.

"काळजी करू नकोस गं," यज्ञेश म्हणाला. "कसलाही अपाय नाही याला. संपूर्ण पर्यावरणपूरक आहे."

"पर्यावरणाला असेल पूरक. माझ्या पातेल्याला नाहीये."

अर्क निवेपर्यंत यज्ञेशने काचेच्या ग्लासात सिल्व्हर नायट्रेटचं चांगलं दाट द्रावण करून ठेवलं. दिसायला अगदी साधं पाणी. उजेड लागला तर ते बिघडतं, असं पुस्तकात लिहिलेलं. घरातली सगळ्यात काळोखी जागा म्हणजे माजघरातलं दाजींचं कपाट. त्याने ग्लासवर बशी झाकली आणि तो तिथे नेऊन ठेवला. चिठ्ठी लावायला मात्र विसरला. याच चुकीसाठी पहिल्या वर्षाच्या मुलांना तो वर्गाबाहेर काढत असे.

दाजी म्हणजे यज्ञेशचे वडील. वय त्र्याऐंशी. तहसील कचेरीच्या निवडणूक शाखेत ते अव्वल कारकून होते. निवृत्त होऊन पंचवीस वर्षं झाली, तरी निवडणुकीचे नियम त्यांना रामरक्षेसारखे पाठ होते. देशाच्या १९५२ सालच्या पहिल्या निवडणुकीपासून या २००८ सालापर्यंत त्यांनी एकही मतदान चुकवलं नव्हतं. एकदा हर्नियाच्या ऑपरेशनची तारीख त्यांनी डॉक्टरांना मतदानासाठी पुढे ढकलायला लावली होती. मत कोणाला दिलं, ते त्यांनी बायकोलाही कधी सांगितलं नाही.

ही जागा महिलांसाठी राखीव होती. एका बाजूला विमला, म्हणजे नावाला विमला, सगळं राजकारण तिचा नवरा गंगाराम बघायचा. दुसऱ्या बाजूला अपक्ष गुणवंती. ती मिरकरवाड्याच्या बंदरात मासळीच्या लिलावात उभी राहिली, की भले भले खलाशी आवाज खाली आणत. दाजींनी दोघांनाही सारखाच निरोप धाडला होता : मतदारयादी कशी वाचायची, स्लिपा कशा भरायच्या, ते शिकायचं असेल तर या, मी कोणाच्याच बाजूचा नाही. गंगाराम म्हणाला, "आमच्याकडे कॉम्प्युटर हाय." गुणवंती मात्र शनिवारी सकाळी नऊ वाजता चार बायका घेऊन हजर झाली.

ओटीवर सतरंजी टाकली. याद्या वाटल्या. गुणवंतीच्या बरोबरच्या सखूने पान उलटायला बोट जिभेला लावलं, तसे दाजी गरजले, "थांब! मतदारयादीला थुंकी? तो सरकारी दस्तऐवज आहे!"

सखूचं बोट जिभेवरच राहिलं.

दाजींनी आत जाऊन कपाटातून कचेरीतली स्पंजाची डबी काढली. ती पार कोरडी होती. पण कपाटात बशीखाली पाण्याचा ग्लास दिसला, सूनबाईने ठेवला असेल. त्यांनी त्यातलं पाणी डबीत ओतलं आणि डबी ओटीवर आणली. देवाची कृपा एवढीच, की दाजी पाणी प्यायचे ते फक्त स्वतःच्या तांब्यातून.

"आता बघा. उजव्या हातात पेन. तो हात कधी ओला करायचा नाही, अक्षर फिसकटतं. डाव्या हाताची तर्जनी स्पंजावर टेकवायची आणि पान उलटायचं. सगळ्यांनी असंच."

गुणवंती आणि चारही बायकांनी अडीच तास असंच केलं. दाजीही करत होते. जाताना गुणवंती म्हणाली, "दाजीनू, शाळेत पण कोणी असा शिकवलान नव्हता!"

दुपारी यज्ञेशने कपाटातला ग्लास काढला, तर द्रावण निम्मं झालेलं. बाष्पीभवन, असं मनाशी म्हणून त्याने उरलेल्यातलं थोडं अर्कात मिसळलं, दोन बाटल्या भरल्या आणि ग्लासासकट पुन्हा काळोखात ठेवून दिल्या.

चार वाजता दाजी पडवीत उन्हात पेपर वाचायला बसले. पहिल्या पानावर असताना त्यांचं डावं बोट तपकिरी झालं. क्रीडा पानावर आले तोवर जांभळं, आणि चहा आला तेव्हा काळंकुट्ट. त्यांनी साबणाने धुतलं. फरक नाही. तेवढ्यात फाटक वाजलं आणि पाच बायका पाच बोटं वर करून आत आल्या.

"दाजीनू, ह्या काय झाला?" गुणवंतीने बोट त्यांच्या नाकासमोर धरलं. "घासून घासून कातडा निघाला, पण काला जात नाय!"

दाजींनी उत्तरादाखल स्वतःचं बोट वर केलं.

आवाज ऐकून यज्ञेश बाहेर आला. त्याने सहा बोटं पाहिली, स्पंजाची डबी पाहिली.

"दाजी, यात पाणी कुठलं घातलंत?"

"कपाटातलं. बशीखालचं."

यज्ञेश पायरीवर बसला. "ते पाणी नव्हतं. सिल्व्हर नायट्रेट होतं. कातडीला लागून वर ऊन पडलं, की काळं होतं."

"मग जायाचा कधी?" सखूने विचारलं.

"कातडी बदलेल तेव्हा. आठ-दहा दिवस."

"मतदान उद्या हाय!"

"यज्ञेश," दाजी अगदी हळू आवाजात म्हणाले, "मतदानाच्या शाईत काय असतं रे?"

"सिल्व्हर नायट्रेट," यज्ञेश त्याहून हळू म्हणाला.

मग मनस्विनीने लिंबू आणलं, चिंच आणली, आमसुलं आणली, राख आणि टाचा घासायची वजरी आणली. बोटं स्वच्छ झाली, पण काळीच राहिली. यज्ञेशने सांगितलं, जुन्या पुस्तकात एक जालीम उपाय दिलाय, पण ते सायनाइड आहे.

"एका मतासाठी?" दाजी म्हणाले.

"आणि ते चालतं का तुमच्या हरित पद्धतीत?" मनस्विनीने विचारलं.

"आम्ही पट्टी बांधून जातो," गुणवंती म्हणाली.

"पट्टी सोडून बघतात. मीच सोडायला लावायचो." दाजींनी चष्मा काढून पुसला. "कोणी काही घासायचं नाही, झाकायचं नाही. उद्या सरळ जायचं आणि खरं आहे ते सांगायचं."

रविवारी साडेसातला मतदान सुरू झालं तेव्हा रांगेत पहिले दाजी होते. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशात ओळखपत्र. त्यांच्यामागे यज्ञेश, त्याच्यामागे गुणवंती आणि तिच्या चौघी. केंद्राध्यक्ष होता रूपेश नावाचा बुरोंडीकडचा शाळामास्तर, वय सव्वीस, पहिलीच ड्यूटी. दाजींनी टेबलासमोर उभं राहून डावं बोट पुढे केलं.

"काका, तुम्ही आधीच मतदान..."

"मतदान सुरू होऊन एक मिनिट झालंय. मी पहिला आहे. हा डाग वेगळा आहे."

रूपेशने सुटकेचा श्वास सोडला. "हो की! मग या, काका."

"या काय?" दाजी चिडले. "नियम काय सांगतो? डाव्या तर्जनीवर खूण असेल तर मतदान करू द्यायचं नाही."

"पण तुम्ही केलेलं नाहीये ना!"

"कशावरून? मी सांगितलं म्हणून? उद्या कोणीही येऊन सांगेल!"

विमलाचा प्रतिनिधी म्हणून कोपऱ्यात गंगाराम बसला होता. तो उठला. "हरकत हाय आपली!"

"हरकत योग्य आहे," दाजी म्हणाले. "नोंदवून घ्या."

रूपेशने हरकत नोंदवली. एवढ्यात गुणवंती पुढे आली. तिचं बोट काळं. सखूचं काळं. उरलेल्या तिघींचीही काळी.

"सहा बोटां!" गंगाराम ओरडला. "एका रंगाची! साहेब, हा बोगस मतदानाचा कट हाय! पलीकडच्या केंद्रावर मता टाकून आलीत ही!"

यज्ञेशला आता गप्प राहवेना. तो रांगेतून पुढे आला आणि त्याने, सवयीने, अगदी पहिल्यापासून सुरुवात केली. पानांचा अर्क, चांदी, नॅनो कण.

"नॅनो?" दारातले हवालदार आत्माराम पुढे झाले. "ती लाखाची गाडी?"

"गाडी नाही हो, कण. मतदानाच्या शाईत जे असतं तेच मी घरी..."

तो थांबला, पण उशीर झाला होता.

"घरात शाई बनवतो!" गंगारामने हात आभाळाला लावले. "स्वतःच्या तोंडाने कबूल केलान! जप्त करा!"

रूपेशला काय करावं कळेना, म्हणून त्याने जे मोठ्याने सांगितलं गेलं तेच केलं. आत्माराम यज्ञेशबरोबर घरी गेले. मनस्विनीने त्यांना सगळं न्यायची परवानगी दिली, फक्त पातेलं सोडून. अर्ध्या तासात मुद्देमाल टेबलावर आला : काढ्याच्या दोन बाटल्या आणि तो काचेचा ग्लास, तळाशी चार बोटं द्रावण.

"हे तर पाणीच दिसतंय," रूपेश म्हणाला.

"हात लावू नका!" यज्ञेश ओरडला.

यज्ञेश तसं ओरडला नसता, तर कदाचित कोणी लावलाही नसता. गंगारामचे डोळे बारीक झाले. "का? भांडा फुटेल म्हणून?" त्याचा उजवा हात मोबाइलमध्ये गुंतला होता, म्हणून त्याने डाव्या हाताची तर्जनी ग्लासात बुडवून वर काढली. काहीच नाही. ओलं बोट त्याने सगळ्यांना फिरवून दाखवलं. "पाणी! साधा पाणी! काला होतो म्हणे!" मग रूपेशनेही बोट बुडवून बघितलं. त्याच्या उजव्या हातात पेन होतं. मग आत्मारामनी. त्यांच्या उजव्या हातात ग्लास होता.

"बघा, काही होत नाही," रूपेश नाइलाजाने म्हणाला. "काका, तुम्ही सगळे जरा बाहेर बसा. मी वर विचारतो."

वर फोन लागत नव्हता. दाजी, गुणवंती आणि चौघी बाहेर व्हरांड्यात बाकावर बसल्या. रांग त्यांच्यासमोरून आत जात होती आणि शाई लावून बाहेर येत होती. बाहेर येणारा प्रत्येक जण जाताना दाजींना विचारी, "काय दाजी, झालं का मतदान?" आणि दाजी समोरच्या भिंतीकडे बघत. पंचावन्न-छप्पन वर्षांत ही वेळ आली नव्हती. मध्येच गुणवंतीने त्यांच्या हातात पाण्याची बाटली दिली. त्यांनी ती उघडली, वास घेतला आणि तशीच परत केली.

शेजारी आत्माराम मुद्देमाल सांभाळत होते. बाटल्या त्यांनी व्हरांड्याच्या कठड्यावर ठेवल्या होत्या. फेब्रुवारीचं खणखणीत ऊन थेट त्यांच्यावर पडत होतं. थोड्या वेळाने आत्माराम दचकले.

"दाजी, ह्याचा रंग बदलतोय!"

"मग नोंद करा," दाजी ताबडतोब म्हणाले. काम निघाल्याने त्यांना बरं वाटलं. "नाहीतर उद्या म्हणतील, हवालदाराने माल बदलला. वेळ घाला, रंग लिहा, दोन पंचांच्या सह्या घ्या."

"पंच कुठून आणू?"

"मी आहे. ही गुणवंती आहे. आम्हाला दुसरा उद्योग काय?"

आत्माराम घाबरट नव्हते, पण चौकशी त्यांनी एकदा भोगली होती. त्यांनी वही काढली आणि दर अर्ध्या तासाने लिहू लागले.

साडेअकराच्या सुमाराला गंगाराम मोबाइलवर बोलत बोलत बाहेर अंगणात गेला. बोलणं लांबलं. शेवटी फोन ठेवून तो परत आला. मग त्याने ठरवलं, आपलं मत आत्ताच टाकून घ्यावं. टेबलाशी जाऊन त्याने हात पुढे केला, आणि बोटाला शाई लावणारी बाई म्हणाली, "तुमचं झालंय की."

"कुठे झालाय? मी सकाळपासून हितंच हाय!"

"बोट बघा."

गंगारामने बोट बघितलं. मग त्याने रूपेशकडे बघितलं. रूपेश खिडकीशी बसून स्वतःचं बोट बघत होता. दारातून आत्मारामनी तिसरं बोट दाखवलं.

व्हरांड्यातून दाजींचा आवाज आला, "हरकत नोंदवून घ्या."

"हरकत कसली!" गंगाराम रडवेला झाला. "बायको उभी हाय माझी! मी मत नाय टाकला तर घरात घेईल का?"

आता मात्र रूपेश बाकापाशी आला आणि दाजींच्या शेजारी बसला. "काका, तुम्हीच सांगा. काय करू?"

"दोन निवडणुका पाठोपाठ आल्या, पहिलीची शाई गेली नाही, तेव्हा काय केलं होतं? मधल्या बोटाला लावली होती."

"मग हे सकाळीच का नाही सांगितलंत?"

"विचारलंत कोणी? आणि तसा आदेश वरून यावा लागतो. लेखी."

"पण आदेशात लिहायचं काय?"

दाजींनी खिशातून पेन काढलं. तो मसुदा त्यांनी पाच मिनिटांत लिहिला : 'रासायनिक अपघातामुळे तर्जनी काळी झालेल्या सात मतदारांना, त्यांची ओळख आणि यादीतील नोंद तपासून, डाव्या हाताच्या मधल्या बोटावर खूण करून मतदान करू देण्यात यावे.' फोन शेवटी कॉलेजच्या गच्चीवरून लागला. "सर, माझं स्वतःचं बोट काळं झालंय," असं रूपेश इतक्या कळवळून म्हणाला, की साहेबांनी आणखी काही विचारलं नाही. दुपारी दोनला जीप आली, मसुद्यावर सही-शिक्का झाला. दाजींनी तो शिक्का उलटसुलट करून तपासला आणि मगच आत गेले.

बाहेर आले तेव्हा त्यांची दोन बोटं काळी होती आणि चेहरा उजळला होता. त्यांच्यामागून गुणवंती आली, मग चौघी, आणि सगळ्यात शेवटी मान खाली घालून गंगाराम. दाजी आणि गुणवंती मात्र घरी गेले नाहीत, पंच म्हणून पुन्हा बाकावर जाऊन बसले.

सोमवारी निकाल लागला. गुणवंती अकरा मतांनी निवडून आली. तिने दाजींकडे भलीमोठी सुरमई धाडली. आचारसंहिता उठेपर्यंत ती घेता येणार नाही, म्हणून दाजींनी परत पाठवली. मनस्विनी दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

पण यज्ञेशचं निवडणुकीकडे लक्षच नव्हतं. रविवारी संध्याकाळी तो आपल्या बाटल्या मागायला गेला होता आणि कठड्यापाशी खिळून उभा राहिला होता. उतरत्या उन्हात दोन्ही बाटल्या झळकत होत्या. गाळाचा मागमूस नाही. आरपार, स्वच्छ, थेट मधासारख्या पिवळ्या! इतके महिने तो ज्याला जिवापाड उजेडापासून जपत होता, त्याला उन्हाचीच तहान होती.

"रंग बदलला ह्यात माझा काय हात नाय," आत्माराम घाईघाईने म्हणाले आणि त्यांनी वही पुढे केली. 'सकाळी ९.३० : फिक्या चहासारखा. १०.०० : हळदीचं पाणी. १०.३० : वितळलेलं तूप. ११.०० : पातळ मध. ११.३० : मध, आणखी दाट...' संध्याकाळी पाचपर्यंत. प्रत्येक नोंदीखाली दाजींची सही आणि गुणवंतीची सही. एका ठिकाणी ढग आल्याचंही लिहिलं होतं.

यज्ञेशने ती पानं उतरवून घेतली. मग गच्चीवर तोच प्रयोग वीस वेळा केला आणि वीसही वेळा मध उतरला. गाइड खूश झाले. पुढल्या वर्षी तोंडी परीक्षा झाली. पुण्याहून आलेले परीक्षक प्रबंध चाळता चाळता एका तक्त्यापाशी थांबले आणि त्यांनी चष्मा वर केला.

"पहिल्या प्रयोगाची ही निरीक्षणं... दर अर्ध्या तासाला, आकाश कसं होतं यासकट, दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी! मी तीस वर्षांत अशी शिस्त पाहिली नाही. नोंदी करणारे हे सहकारी तुमच्या रसायन विभागातलेच का?"

"नाही सर," यज्ञेश म्हणाला. "गृह विभागातले."